जंतू मरावेत, मांस वाचावं

जुनी जखम अंगावर वागवणाऱ्या माणसाला ड्रेसिंगच्या दिवशी सकाळपासून धास्ती असते ती पट्टी काढण्याची. वरचं बँडेज सहज सुटतं, पण आतलं गॉझ जखमेला चिकटून बसलेलं असतं. सिस्टर त्यावर सलाईन ओततात, थोडं थांबतात आणि एका कडेनं ते सोडवायला घेतात. शेवटचा तुकडा निघताना रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. रुग्णाला वाटतं, जखम अजून ताजीच आहे. खरं तर ते रक्त गेल्या दोन दिवसांत नव्यानं भरून आलेल्या मांसातून येत असतं. लालसर, ओलं, दाणेदार दिसणारं ते कोवळं मांस आणि त्यातल्या केसांहून बारीक रक्तवाहिन्या गॉझच्या विणीत शिरतात, तिथंच वाळतात आणि पट्टीबरोबर उपटल्या जातात. शरीरानं दोन दिवस विणलेलं दोन मिनिटांत उसवलं जातं.

गॉझ आणि कापूस ही एके काळी मोठीच सुधारणा होती. बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० साली गॉझच्या दोन थरांमध्ये शोषक कापूस घालून पट्टी तयार केली आणि जखमेतून वाहणारी लस आणि पू टिपून घ्यायला एक चांगलं साधन मिळालं. जखम कोरडी हवी, हा त्यामागचा विचार. आपल्या घराघरांतही तोच विचार आहे. ‘झाकून ठेवू नकोस, वारा लागू दे, वाळली की खपली धरेल.’ गुडघा फुटलेल्या प्रत्येक मुलानं हे ऐकलेलं असतं.

जॉर्ज विंटर या इंग्लंडमधल्या संशोधकानं १९६२ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या प्रयोगानं या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला. त्यानं डुकरांच्या पाठीवर सारख्या खोलीच्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्यानं झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगानं पसरली. कारण साधं होतं. त्वचेच्या नव्या पेशी जखमेच्या कडांवरून आणि केसांच्या मुळांतून सरकत येतात. ओल असेल तर त्या पृष्ठभागावरून सरळ घसरत जातात. वर टणक खपली असेल तर त्यांना तिच्याखालून, ओल शोधत, मार्ग खणावा लागतो. खपली म्हणजे बरं होण्याची खूण असं आपण समजत आलो. विंटरच्या प्रयोगात ती वाटेतली अडचण ठरली.

मग ओलसर पट्टी ठेवली की झालं, असं म्हणता येईल का? स्वच्छ जखमेबाबत बऱ्याच अंशी म्हणता येईल. पण जखमेत जंतू शिरले असतील तर तीच ऊब आणि तीच ओल त्यांनाही मानवते. इथून खरा पेच सुरू होतो.

हा पेच फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि त्यांत शोधन आणि रोपण हे दोन शब्द येतात. शोधन म्हणजे दूषित व्रण स्वच्छ करणं, रोपण म्हणजे तो भरून आणणं. शब्द दोन आहेत, कारण कामं दोन आहेत. आणि एका कामाचं साधन दुसऱ्या कामाच्या मुळावर येऊ शकतं.

हे किती खरं आहे ते पहिल्या महायुद्धात दिसलं. फ्रान्समधल्या बुलोन इथं एका कॅसिनोच्या इमारतीत आल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होते. पेनिसिलिन अजून बरंच पुढं होतं. खंदकातल्या चिखलानं माखलेल्या, कपड्यांच्या चिंध्या आत रुतलेल्या जखमा घेऊन सैनिक येत होते आणि डॉक्टर त्या जखमांत कार्बोलिक आम्लासारखी जंतुनाशकं ओतत होते. फ्लेमिंग यांनी काचेची एक नळी तापवून तिला आतून पोकळ काटे काढले. बॉम्बच्या तुकड्यानं फाटलेल्या जखमेला असेच कोनेकोपरे असतात. नळीत जंतू मिसळलेला रक्तद्रव भरला, ओतून टाकला, मग जंतुनाशक भरलं, तेही ओतलं आणि पुन्हा स्वच्छ रक्तद्रव भरून ठेवला. त्यात जंतू पुन्हा वाढले, कारण काट्यांच्या टोकांशी लपलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचलंच नव्हतं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ही जंतुनाशकं जंतूंच्या आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाच मारत होती. जखमेचे राखणदार आधी पडत होते आणि चोर कोपऱ्यात सुखरूप होते.

आज चिघळलेल्या जखमांवरच्या पट्ट्यांवर जगभर जे संशोधन चाललं आहे, ते सगळं या काचेच्या नळीला दिलेलं उत्तर आहे असं मला वाटतं. जंतूंपर्यंत पोचायचं, त्यांना मारायचं किंवा उचलून न्यायचं, आणि हे करताना शेजारच्या कोवळ्या पेशीला धक्का लागू द्यायचा नाही.

जखमेतले जंतू नळीतल्या जंतूंपेक्षाही हुशार निघाले. जुन्या जखमेत ते सुटे, एकेकटे राहत नाहीत. ते तळाला चिकटतात, शर्करा, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट थर स्वतःभोवती घालतात आणि त्यात वसाहत करून राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या टाकीच्या आतून हात फिरवल्यावर जो बुळबुळीत थर लागतो, तो याच जातीचा. या थराच्या आत प्रतिजैविक नीट शिरत नाही. तळाशी बसलेले जंतू जवळजवळ झोपी गेलेले असतात, आणि वाढणाऱ्या जंतूंनाच मारणारी औषधं झोपलेल्यांचं काही बिघडवू शकत नाहीत. अमेरिकेतल्या मोंटाना इथल्या संशोधकांनी २००८ साली सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासले, तेव्हा ५० जुनाट जखमांपैकी ३० जखमांत बायोफिल्म सापडला. ताज्या जखमांत तो १६ पैकी फक्त एका जखमेत होता.

शरीर या थरावर पांढऱ्या पेशी पाठवत राहतं. त्यांना आतला शत्रू गवसत नाही, पण त्यांनी सोडलेली मांस विरघळवणारी विकरं आजूबाजूचं नवं मांस मात्र खात सुटतात. जखम महिनोन्‌महिने एकाच अवस्थेत अडकून राहते. धड बरी होत नाही, धड मोठीही होत नाही, वास येतो, लस वाहते. आपल्याकडे अशी जखम बहुतेक वेळा मधुमेह्याच्या तळपायाला असते. आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ साली पुढं आलेला भारतातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाख आहे, आणि मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाचा व्रण होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के धरली जाते. पाय तुटण्याचा रस्ता बहुतेक वेळा अशाच एका दुर्लक्षित व्रणातून सुरू होतो.

गोळ्या आणि इंजेक्शनं का पुरत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. संसर्ग खोल गेला, ताप आला, पाय लालबुंद होऊन सुजला तर ती द्यावीच लागतात. पण औषध रक्तातून जातं आणि मधुमेही पायाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून ते जखमेच्या तळापर्यंत पुरेसं पोचत नाही. पोचवण्यासाठी मात्रा आणि मुदत वाढवत गेलं, तर उरलेले जंतू औषधाला निर्ढावतात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या संसर्गानं थेट झालेले मृत्यू २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. त्यामुळे जंतुनाशक शक्ती पट्टीतच, जखमेच्या अंगालगत आणावी, आणि शक्यतो प्रतिजैविकांना हात न लावता आणावी, या दिशेला संशोधक वळले. त्यासाठी पट्टीचा पदार्थच वेगळा हवा. शरीराला लागून राहिला तरी त्याला न खुपणारा, ओल धरणारा, लस शोषणारा आणि सुटताना मांस न उपटणारा. अशा पदार्थांना बायोमटेरियल म्हणतात.

त्यांतला मला सर्वांत जवळचा वाटणारा पदार्थ कोळंबीच्या सालीतून येतो. कोकणच्या किनाऱ्यावर कोळंबी सोललेली ज्यानं पाहिली आहे, त्याला ठाऊक आहे की डोकी आणि सालांचा ढीग सोललेल्या मालापेक्षा फार लहान नसतो. भारतातून जाणाऱ्या समुद्री अन्नात गोठवलेल्या कोळंबीचा वाटा सर्वांत मोठा आहे, तेव्हा हा ढीग किती असेल याची कल्पना यावी. या सालीत कायटिन नावाचा चिवट तंतुमय पदार्थ असतो. आम्लात भिजवून सालीतला चुना काढला, अल्कलीनं प्रथिनं काढली आणि मग तीव्र अल्कलीत तापवलं की कायटिनचं कायटोसान होतं. कायटोसानच्या साखळीवर जागोजागी अमिनो गट असतात. किंचित आम्लधर्मी ओलाव्यात त्यांच्यावर धन विद्युतभार येतो. जंतूंच्या बाह्यावरणावर ऋण भार असतो. दोघं एकमेकांना ओढतात, आवरण ठिकठिकाणी फाटतं आणि आतला ऐवज बाहेर गळतो. रक्तातल्या तांबड्या पेशीही याच ओढीनं कायटोसानला चिकटून गोळा होतात, म्हणून वाहतं रक्त थांबवायला त्याच्या पट्ट्या इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांत वापरल्या गेल्या.

मात्र कायटोसानचं कौतुक करणारे लेख एक अडचण बहुधा गाळतात. निरोगी त्वचा आम्लधर्मी असते, पण चिघळलेली जुनी जखम अल्कलीकडे झुकलेली असते. आणि अल्कलीकडे झुकलेल्या ओलाव्यात कायटोसानचा तो धन भार विझत जातो. म्हणजे जिथं त्याची सर्वांत गरज, तिथंच त्याचं हत्यार बोथट. म्हणून रसायनतज्ज्ञ त्याच्या अमिनो गटांना आणखी कार्बन गट जोडून भार कायमचा पक्का करतात. पण भार वाढवत नेला की तो जंतूंची आवरणं फाडता फाडता आपल्या पेशींचीही फाडू लागतो. बुलोनची काचेची नळी पुन्हा समोर येते. किती भार पुरे, हे ठरवण्यात प्रयोगशाळांची वर्षं जातात.

तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटचं काम वेगळं आहे. त्याच्या तंतूंतलं कॅल्शियम जखमेच्या लसीतल्या सोडियमशी जागा बदलतं आणि कोरडी पट्टी जखमेवरच मऊ जेल होते. लस फार वाहत असेल तिथं ती उत्तम. जंतू मारण्याची ताकद तिच्यात स्वतःची नसते, म्हणून तिच्यात चांदी किंवा मध मिसळतात.

हायड्रोजेलची गोष्ट मुंबईकरांना जवळची आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रानं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थापासून जखमेसाठी हायड्रोजेल तयार केलं. या पदार्थाच्या द्रावणावर गॅमा किरण सोडले की त्याच्या सुट्या साखळ्या एकमेकींत गुंफून जाळी होते आणि त्या जाळीत पाणी अडकून राहतं. वजनाचा बहुतेक भाग पाणीच असलेली, थंडगार, पारदर्शक वडीसारखी ही पट्टी असते. किरणांनी जाळी विणली जाते त्याच वेळी पट्टी निर्जंतुकही होते, वेगळं रसायन घालावं लागत नाही. पोलंडमधल्या लोड्झ शहरात यानुश रोशियाक यांनी अशाच किरणोत्सारी मार्गानं जखमेची जेलं बनवली होती. भाजलेल्या माणसाला अशी पट्टी ठेवल्यावर आधी आग थांबते, आणि काढताना ती सालीसारखी अलगद निघते. पारदर्शक असल्यानं जखम बघायला ती काढावी लागत नाही, हेही काही कमी नाही.

या जाळीत जंतुनाशक साठवता येतं आणि ते केव्हा सोडायचं हे जाळीच्या रचनेवर सोपवता येतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातली एक कल्पना मला फार आवडते. पेनिसिलिनच्या जातीची औषधं निकामी करण्यासाठी अनेक जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर सोडतात. तिथल्या संशोधकांनी जेलची जाळी अशा दुव्यांनी बांधली की हे विकर आलं तरच ती तुटावी आणि आतलं औषध बाहेर पडावं. जंतू नसतील तर औषध बंदच राहतं. जंतूंनी स्वतःच्या बचावासाठी घडवलेलं शस्त्र त्यांच्याच कोठाराचं कुलूप उघडतं. औषध उगाच सांडत नाही, म्हणून जंतूंना त्याची सवय लागण्याची संधीही कमी.

आता चांदी. जखमांच्या उपचारात चांदीइतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कुठल्या धातूला नाही. १९६५ साली भाजलेल्या रुग्णांवर अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण वापरलं गेलं, १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं आणि ते पांढरं मलम जगभरच्या भाजलेल्यांच्या वॉर्डांत पोचलं. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही भाजल्यावर पहिलं तेच लावतात. चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला जाऊन धरतात, श्वसनाची यंत्रणा बंद पाडतात, आवरण खिळखिळं करतात. एकाच वेळी अनेक जागी घाव बसत असल्यानं जंतूंना प्रतिकार उभारणं अवघड जातं. अवघड, अशक्य नव्हे. बोस्टनच्या एका रुग्णालयात १९७५ मध्ये भाजलेल्यांच्या विभागात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला पसरला आणि तीन रुग्ण दगावले. दुसरी अडचण अशी की चांदी आपल्या पेशी आणि जंतू यांत फार फरक करत नाही. उथळ भाजण्यावर सिल्व्हर सल्फाडायझिन लावल्यानं जखम भरायला उशीर होतो, असं आता अनेक अभ्यास सांगतात. नवीन पट्ट्यांत चांदीचे अतिसूक्ष्म कण तंतूंत रोवून ते हळूहळू झिरपतील अशी सोय केलेली असते. ही सुधारणा खरी आहे. पण वेष्टनावर ‘नॅनो सिल्व्हर’ लिहिलं म्हणून पट्टी आपोआप चांगली होत नाही.

ब्रिटनमध्ये पायाच्या शिरांच्या विकारानं झालेल्या व्रणांवर चांदीच्या पट्ट्या आणि साध्या न चिकटणाऱ्या पट्ट्या यांची तुलना २१३ रुग्णांवर झाली. २००९ साली निष्कर्ष आला की बारा आठवड्यांनी व्रण भरण्यात फरक नव्हता, खर्चात मात्र होता.

मधाची गोष्ट थेट सोलापूरची. तिथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये १०४ भाजलेल्या रुग्णांचा अभ्यास छापला. ५२ जणांना मधात भिजवलेलं गॉझ, ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांनी मधाच्या गटात ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या होत्या, दुसऱ्या गटात अवघ्या ७ टक्के. मध इतका घट्ट असतो की तो जंतूंमधलं पाणी ओढून घेतो. तो आम्लधर्मी असतो. आणि पातळ झाला की त्यातलं मधमाशीनं घातलेलं विकर सावकाश हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं, जंतूंना पुरेल आणि पेशींना सोसेल इतक्या हलक्या मात्रेत. न्यूझीलंडच्या मनुका मधात याशिवाय मिथाइलग्लायॉक्साल हे जंतुनाशक रसायन असतं. सोलापूरच्या कामाचा उल्लेख जगभरच्या मधावरच्या लेखांत येतो, याचा मराठी माणसाला आनंद व्हावा. त्याबरोबर पुढची गोष्टही सांगायला हवी. कॉक्रेन या पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात मधानं उथळ भाजलेल्या जखमा नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे साडेचार दिवस लवकर भरतात असं म्हटलं, पण बराचसा पुरावा एकाच केंद्रातून आलेला आहे, तो इतरत्र पडताळावा, असंही बजावलं. आणि न्यूझीलंडमध्येच पायाच्या व्रणांच्या ३६८ रुग्णांवर मनुका मधाच्या पट्ट्या वापरल्या, तेव्हा २००८ साली नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणीय फायदा दिसला नाही. भाजलेली ताजी जखम आणि पायाचा जुनाट व्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीला जे लागू पडतं ते दुसरीला पडेलच असं नाही.

इथं हळदीबद्दल बोलणं भाग आहे. जखम भरण्यासाठी हळदीचा वापर, यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. तो विजय ज्ञान कुणाचं, या प्रश्नावरचा होता. डब्यातली हळद उघड्या जखमेत भरावी असा त्याचा अर्थ नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि लवकर विघटित होतं. म्हणूनच ते सूक्ष्म कणांत किंवा जेलमध्ये बसवून जखमेपर्यंत पोचवण्याचे प्रयत्न भारतातल्या कितीतरी प्रयोगशाळांत चालले आहेत. स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते. तिच्यातून जंतूंची बीजं जखमेत जातात, आणि पिवळ्या थराखाली जखम कशी आहे हे डॉक्टरला दिसतही नाही.

निसर्गातून आलेल्या आणखी एका शोधाची गोष्ट चटका लावणारी आहे. अमेरिकेतले संशोधक मायकेल झॅसलॉफ बेडकांच्या अंड्यांवर काम करत होते. शस्त्रक्रिया करून, टाके घालून बेडूक पुन्हा गढूळ पाण्याच्या टाकीत सोडले जात आणि तरी त्यांच्या जखमा चिघळत नसत. त्या बेडकांच्या कातडीतून झॅसलॉफ यांनी १९८७ साली २३ अमिनो आम्लांची छोटी प्रथिनसाखळी वेगळी केली आणि हिब्रूतल्या ढाल या अर्थाच्या शब्दावरून तिला मॅगेनिन नाव दिलं. तिच्यावरून बेतलेलं मलम मधुमेही पायाच्या व्रणासाठी तयार झालं. १९९९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला परवानगी नाकारली. पुन्हा चाचण्या झाल्या आणि २०१६ मध्ये ते औषध नसलेल्या मलमापेक्षा सरस ठरलं नाही. काचेच्या बशीत जे जंतू पटापट मारतं, ते माणसाच्या पायात हरू शकतं. तशा साखळ्या आता जेलच्या जाळीलाच कायमच्या जोडून पाहिल्या जात आहेत, म्हणजे त्या वाहून जाणार नाहीत आणि विकरांनी लगेच तुटणार नाहीत.

जंतूंना मारण्याऐवजी पकडून नेणारी पट्टीही आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे व्हायला हवं तेवढं लक्ष गेलेलं नाही. अनेक जंतूंचं आवरण पाणी टाळणारं असतं. तंतूंवर तसाच मेणासारखा लेप दिला की ओल्या जखमेत जंतू त्या लेपाला जाऊन बिलगतात, आणि पट्टी बदलली की तिच्याबरोबर कचऱ्यात जातात. औषध सुटत नाही, पेशींना इजा नाही, आणि मेलेल्या जंतूंतून विष फुटून जखमेत सांडत नाही. शोधन आणि रोपण यांचं भांडण इथं बरंचसं मिटतं.

एवढे पदार्थ असूनही दर महिन्याला छापून येणाऱ्या शोधांपैकी फार थोडे रुग्णाच्या पायापर्यंत का पोचतात? पहिलं कारण परीक्षेत आहे. जंतू वाढवलेल्या बशीत पट्टीचा तुकडा ठेवला आणि भोवती स्वच्छ वर्तुळ पडलं की शोधनिबंधात छान चित्र येतं. पण बशीतले जंतू कोवळे असतात, त्यांनी बायोफिल्म बांधलेला नसतो, आणि बशीत ना लस असते ना चांदीला धरून ठेवणारी प्रथिनं. दुसरी परीक्षा उंदरावर होते. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो आकसतो आणि कडा जवळ ओढून घेतो. माणसाची जखम प्रामुख्यानं तळातून मांस भरून आणि कडांवरून त्वचा सरकून भरते. म्हणून काळजी घेणारे संशोधक उंदराच्या जखमेभोवती सिलिकोनचं कडं शिवून ती आकसू देत नाहीत, आणि पुढची परीक्षा डुकरावर घेतात, कारण त्याची त्वचा माणसाशी जास्त मिळतीजुळती आहे. आणि उंदीर तरुण, निरोगी असतो. आपला रुग्ण साठीचा, पंधरा वर्षांचा मधुमेही, तळपायाची जाणीव गेलेला आणि उद्या शेतात जाणं भाग असलेला असतो.

मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की केवळ व्रण भरावा म्हणून जंतुनाशक पट्ट्या वापरू नयेत, तेवढा पुरावा नाही. पायाच्या व्रणावर चांगला पुरावा मिळालेल्या पट्ट्यांपैकी एक युरोपात २४० रुग्णांवर तपासली गेली. सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेल्या या पट्टीनं वीस आठवड्यांत ४८ टक्के व्रण भरले, साध्या पट्टीनं ३० टक्के. हा पदार्थ जंतू मारत नाही. मांस खाणाऱ्या विकरांना आवरतो. हे वाचून जंतुनाशक पट्ट्यांवरचं संशोधन वाया गेलं असं मी म्हणणार नाही. भाजलेल्यांच्या वॉर्डात, बायोफिल्म खरवडून काढल्यानंतर तो पुन्हा बसू नये म्हणून पहिल्या दिवसांत, औषधाला न जुमानणारे जंतू सापडले असतील तेव्हा, या पट्ट्यांची नितांत गरज आहे. पण ती ठरावीक काळाची गरज आहे. शोधन झालं की पट्टी बदलावी आणि रोपणाला वाट द्यावी.

किंमत हा आमच्याकडचा वेगळा प्रश्न. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याची साल गॉझवर बसवून, निर्जंतुक करून भाजलेल्या मुलांना लावली. ती जखम सुकू देत नव्हती आणि चिकटत नव्हती. पुढं शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेलं केळीचं पान वापरलं. मोठं, गुळगुळीत, मेणचट, अलगद निघणारं. २००३ साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले तेव्हा ते बटाट्याच्या सालीइतकंच गुणकारी, करायला सोपं आणि कितीतरी स्वस्त ठरलं होतं. यातलं काहीही जंतुनाशक म्हणून पुढं आलेलं नव्हतं. पट्टी काढताना मूल किंचाळू नये, ही त्यामागची तळमळ होती. नव्या जेलवर काम करणाऱ्या आपल्या तरुण संशोधकांनी ही दोन्ही कामं वाचावीत. कोळंबीच्या सालीपासून बनलेली पट्टी ज्या कोळ्याच्या घरून ती साल आली, त्याच्या मधुमेही पायाला परवडली नाही, तर आपलं काम अर्धंच झालं असं समजावं.

घरात कुणाला मधुमेह असेल तर आज रात्री त्यांचे दोन्ही तळपाय आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात नीट बघा, दिसत नसेल तर आरसा खाली धरा. जखम सापडली तर हळद, चुना, राख यांपैकी काहीही न भरता ती स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं झाका, त्या पायावर भार देऊ नका आणि दवाखाना गाठा. उपचार चालू असतानाही चार आठवड्यांत जखमेचा आकार निम्म्यानं कमी झाला नसेल, तर पट्टी कुठली आहे हे विचारण्याआधी पायातला रक्तपुरवठा तपासला का, हे डॉक्टरांना विचारा.